शब्दकोडे : सोडवण्यापासून उकल लिहिण्यापर्यंत

रोजच्या वर्तमानपत्रातील शब्दकोडे हाती घेणाऱ्या नवख्या माणसाला शब्द सुचतात. सुचलेला शब्द बरोबर की चूक हे त्याला ठरवता येत नाही आणि तो तिथे अडतो. सुरुवातीच्या काळात मी स्वतः ‘अग्नी (३)’ या सूत्रासमोर निःशंकपणे ‘अनिल’ लिहिले होते. अनिल म्हणजे वारा. अग्नी तो अनल. मधल्या घरातल्या त्या एका वेलांटीमुळे तेथून खाली जाणारा शब्द जुळेना, मी तो ओढूनताणून जुळवला, त्याने आणखी दोन शब्द बिघडवले आणि कोड्याचा एक कोपरा कोरा राहिला. तेव्हापासून प्रत्येक उत्तरासाठी ‘हेच का?’ या प्रश्नाचा जबाब एका वाक्यात वहीत लिहिण्याची सवय मी लावून घेतली. कोडे सोडवणे आणि त्यावर टिपण लिहिणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत असे माझे ठाम मत आहे, आणि पुढचे सगळे विवेचन त्या मताला धरून आहे.

आधी घरांचा हिशेब

शब्दकोड्याचा जन्म रोमन लिपीत झाला. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी रचलेले पहिले कोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत छापले गेले. तिथे एका घरात एक वर्ण बसतो. मराठीत एका घरात पूर्ण अक्षर बसते आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, विसर्ग, जोडाक्षर हे सारे त्या अक्षराबरोबर त्याच घरात राहते. ‘महाराष्ट्र’ या शब्दाला म, हा, रा, ष्ट्र अशी चार घरे लागतात, ‘स्वातंत्र्य’ या भारदस्त शब्दाला स्वा, तं, त्र्य अशी तीनच, तर ‘दुःख’ दुः आणि ख या दोन घरांत मावते. सूत्रापुढच्या कंसातला आकडा या हिशेबाने वाचावा.

या एका गोष्टीतून बरेच काही निघते. मराठी कोड्यातले शब्द मोजायला लहान असतात; दोन, तीन आणि चार घरांच्या शब्दांची गर्दी असते आणि त्यामुळे एका अर्थाचे अनेक शब्द एकाच मापात बसतात. उलट बाजूने पाहता, आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथे व्यंजन आणि स्वर दोन्ही एकदम हाती लागतात, म्हणजे एक छेद पुष्कळ सांगून जातो. हा फायदा पदरात पडायचा तर ऱ्हस्व-दीर्घाबाबत सैल राहून चालत नाही. आडव्या शब्दातला ‘दि’ उभ्या शब्दात ‘दी’ होऊ शकत नाही. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, शिर म्हणजे डोके आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी.

म्हणून शुद्धलेखनाचे निदान दोन नियम पक्के करावेत. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या नियमांना १९६२ साली शासनमान्यता मिळाली, त्यांनुसार संस्कृतातून आलेले इकारान्त आणि उकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहायचे असतात. मात्र तोच शब्द समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो. ‘बुद्धी’ या शब्दात दुसऱ्या घरात ‘द्धी’ येते, ‘बुद्धिबळ’ या शब्दात ‘द्धि’. तसेच कवी, पण कविराज. दुसरा नियम असा की मराठी अकारान्त शब्दातली शेवटून दुसरी वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो आणि शब्दाचे रूप बदलले की तो ऱ्हस्व होतो : मूल पण मुले, वीट पण विटा, गरीब पण गरिबी. गुण, विष, मंदिर यांसारखे तत्सम शब्द याला अपवाद आहेत. त्यामुळे सूत्र एकवचनी आहे की अनेकवचनी, हे पाहिल्याशिवाय घरात अक्षर लिहू नये.

एक बारीक पण फार उपयोगी गोष्ट इथेच सांगून ठेवतो. मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही आणि ‘ण’नेही व्यवहारात होत नाही. ज्या घरात उभ्या शब्दाचा क्रमांक छापला आहे, त्या घरात तुमच्या आडव्या शब्दाचा ‘ळ’ किंवा ‘ण’ पडत असेल, तर तो आडवा शब्द खोडण्यासाठी दुसरा पुरावा लागत नाही.

पहिली फेरी

मऊ शिशाची पेन्सिल घ्यावी, कारण वर्तमानपत्राचा कागद खोडरबराने लवकर भुरभुरतो आणि टोकदार पेन्सिलीने फाटतो. मग आडवी आणि उभी सगळी सूत्रे एकदा शेवटपर्यंत वाचून काढावीत. पहिल्या सूत्रालाच हटून बसणे ही नवख्यांची सर्वांत महागडी सवय आहे. या वाचनात ज्यांचे उत्तर एकच असू शकते अशी सूत्रे हेरायची. म्हणीतली रिकामी जागा ही त्यांत सर्वांत भरवशाची : ‘नाचता येईना ... वाकडे (३)’ येथे ‘अंगण’ सोडून दुसरे काही बसत नाही. त्यानंतर गावांची, नद्यांची आणि पुराणातल्या व्यक्तींची नावे. नुसता समानार्थी शब्द विचारणारी सूत्रे शेवटी घ्यावीत, कारण ती दिसतात सोपी आणि फसवतात सर्वांत जास्त.

सूत्राचे व्याकरण हा दुसरा आधार आहे. सूत्र क्रियेचे नाव विचारत असेल तर उत्तराचे शेवटचे अक्षर बहुधा ‘णे’ असते. सूत्र अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनी असायला हवे. सूत्रातल्या सर्वनामाचे लिंग तर उत्तराचा अर्धा पत्ता देते. ‘पाण्यावर ती तरते, माणसाला ते जन्मभर पुरते (२)’ या सूत्रात ‘ती’ आणि ‘ते’ हे शब्द सहज आलेले नाहीत. ती नाव म्हणजे होडी आणि ते नाव म्हणजे आपण हाक मारतो ते. त्याच पद्धतीने ‘तो उजाड पडतो, ती गळ्यात पडते (२)’ याचे उत्तर माळ.

शब्दसंपत्ती वाढवण्याचा प्रश्न नवखे नेहमी विचारतात. याद्या पाठ करण्यापेक्षा शब्दांची घडण ओळखणे मला अधिक टिकाऊ वाटते. संस्कृतात ‘ज’ म्हणजे जन्मलेले, ‘द’ म्हणजे देणारा आणि ‘धि’ म्हणजे धारण करणारा एवढे लक्षात ठेवले की पाण्यात जन्मलेले ते जलज (कमळ), पाणी देणारा तो जलद (ढग) आणि पाणी साठवणारा तो जलधी (समुद्र) हे आपोआप उलगडते. अंबु म्हणजेही पाणी, मग अंबुज, अंबुद, अंबुधी यांच्यासाठी कोश उघडावा लागत नाही.

चार शब्दांचे कोडे

तीन बाय तीनची चौकट घ्या आणि मधले घर काळे करा. वरची ओळ, खालची ओळ, डावा स्तंभ आणि उजवा स्तंभ असे चार शब्द तीन-तीन अक्षरांचे होतात. सूत्रे अशी : आडवा १ ‘रजनी विस्कटली आणि कमळ उमलले’, आडवा ३ ‘कामदेव’, उभा १ ‘निळ्या रंगाचे रत्न’, उभा २ ‘सातबाऱ्यावर हिची नोंद असते’.

वरच्या ओळीत ‘कमळ’ हा अर्थ हवा आहे असे गृहीत धरू. सूत्रात तो शब्द उघड छापला असल्याने तोच उत्तर म्हणून येणार नाही, आणि आला असता तरी तिसऱ्या घरात ‘ळ’ पडून तेथून उभा २ सुरूच झाला नसता. उरतात पंकज, जलज, नीरज, सरोज, अंबुज, राजीव. कोणता ते ठाऊक नाही, पण एक सोडून सगळे ‘ज’ने संपतात, म्हणून वरच्या उजव्या घरात पुसट ‘ज’ लिहून ठेवावा. पुसट अक्षर म्हणजे अंदाज आणि ठळक अक्षर म्हणजे खात्री, ही शिस्त पाळली तर चूक झाली तरी ती कुठे झाली ते सापडते. आता सातबाऱ्यावर नोंद असलेली, स्त्रीलिंगी आणि ‘ज’ने सुरू होणारी ती जमीन. ‘ज’ पक्का झाला आणि खालच्या उजव्या घरात ‘न’ आला.

कामदेवाची तीन घरांत बसणारी नावे पाहू : मदन, अनंग, मन्मथ, कंदर्प. चारही अर्थाने निर्दोष आहेत. घाईने पहिले सुचलेले लिहिणारा इथे चार वेळांपैकी तीन वेळा चुकेल. शेवटी ‘न’ हवा म्हटल्यावर मदन एकटा उरतो आणि त्याचा ‘म’ डाव्या स्तंभाचा शेवट ठरतो. ‘म’ने संपणारे निळे रत्न म्हणजे नीलम. वरच्या ओळीत आता नी, रिकामे घर, ज असे दिसते आणि उत्तर नीरज ठरते. तरीही ‘का?’ हा प्रश्न बाकी आहे. सूत्रात रजनी विस्कटली असे म्हटले आहे. र, ज, नी ही तीन अक्षरे विस्कटून पुन्हा मांडली की नीरज होते, कमीजास्त काही उरत नाही. छेदांनी दिलेले उत्तर आणि सूत्राने दिलेले उत्तर एक आले. आता पेन्सिल दाबून लिहावे.

गूढ सूत्राची रचना

आडवा १ हे गूढ सूत्र होते. अशा सूत्रात दोन भाग असतात : एक उत्तराची सरळ व्याख्या आणि दुसरा ते उत्तर अक्षरांपासून घडवण्याची कृती. वाचताना दोन्ही मिळून एक भलतेच चित्र उभे राहते, आणि ते चित्र मोडून दोन भाग वेगळे करणे हे सोडवणाऱ्याचे काम. व्याख्या बहुतेक वेळा सूत्राच्या आरंभी किंवा शेवटी असते, म्हणून दोन्ही टोकांपासून तपासत यावे.

मराठीत या तपासाला विभक्तीची मोठी मदत होते. नामाला प्रत्यय लागला की त्याचे सामान्यरूप होते, वारा या शब्दाचे ‘वाऱ्याने’ होते आणि त्यातली मूळ अक्षरे बदलतात. त्यामुळे काळजीपूर्वक रचलेल्या सूत्रात ज्या शब्दाची अक्षरे वापरायची असतात तो शब्द प्रत्ययाशिवाय ठेवलेला असतो. ‘रजनी विस्कटली’ असे असते, ‘रजनीला विस्कटले’ असे नसते. जो शब्द प्रत्यय लावून आला आहे, त्याच्या जागी बहुधा दुसरा समानार्थी शब्द शोधायचा असतो. नवख्याने सूत्र वाचताना प्रत्यय नसलेली नामे अधोरेखित करावीत. निम्म्या गूढ सूत्रांचा कच्चा माल तिथेच सापडतो.

अक्षरांवर करायच्या कृती थोड्याच आहेत. विस्कटणे आपण पाहिले. उधळणे, घोटाळा, धिंगाणा असे शब्दही तीच खूण देतात. उलटवण्याची कृती मराठीत फार जुनी आहे. वाल्या कोळ्याच्या कथेतल्या ‘मरा मरा’चे ‘राम’ होते ते अक्षरे उलटल्यामुळेच. ‘नदी उलटी फिरली की गरीब (२)’ याचे उत्तर दीन आणि ‘वारा माघारी येताच पोपट दिसला (२)’ याचे उत्तर रावा. उलटवताना पूर्ण अक्षर उलटायचे, काना-मात्रा त्याच्यापासून सुटत नाही. दडलेल्या शब्दासाठी शब्दांमधले अंतर मिटवून वाचावे लागते : ‘स्वयंपाकघरातली वस्तू जवळच मचाणावर दडली आहे (३)’ यात ‘जवळच मचाणावर’ सलग वाचले की चमचा हाती येतो. इथे सूत्रातली अक्षरे जशीच्या तशी घ्यायची असल्याने प्रत्ययाचा प्रश्न उरत नाही. एखादे अक्षर गाळायचे असले तर डोके, मस्तक, शेपूट असे अवयव येतात; ‘मस्तक गमावलेला वानर पुरुष ठरला (२)’ याचे उत्तर नर.

शब्दाच्या पोटात शब्द ठेवण्याची कृती मला सर्वांत सुंदर वाटते. ‘वेदनेच्या पोटात मध्यम असला तरी ते फूलच (३)’ या सूत्रात ‘वेदनेच्या’ला प्रत्यय आहे, म्हणून समानार्थी शब्द घ्यायचा : कळ. तिच्या पोटात ‘म’ गेला की कमळ. इथला मध्यम म्हणजे सप्तकातला चौथा स्वर. षड्ज, ऋषभ, गंधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद ही नावे आणि सा, रे, ग, म, प, ध, नी ही त्यांची अक्षरे पाठ नसतील तर पहिल्याच दिवशी करावीत, कारण एकेक सुटे अक्षर हवे असले की कोडे रचणारा संगीताकडे वळतो. ‘पहिल्या स्वरापुढे फळाचा गर आला की समुद्र (३)’ हे सागर या शब्दाचे सूत्रही तसेच बांधले आहे.

उकल कशी लिहावी

वहीतली नोंद लांबलचक असू नये. उत्तर, सूत्रातली व्याख्या कोणती, कृती कोणती आणि शेवटी आपला शेरा, इतके पुरते. वर आलेल्या सूत्राची नोंद मी अशी करीन : ‘कमळ. व्याख्या – फूल. कळ (वेदना), पोटात म (मध्यम). “तरी ते” हे शब्द केवळ जोडण्यासाठी.’ सूत्रातला प्रत्येक शब्द या नोंदीत कुठेतरी बसला पाहिजे. एखादा शब्द कुठेच बसत नसेल, तर उत्तर तरी चुकले आहे, कृती तरी पूर्ण कळलेली नाही, किंवा सूत्रात भरताड आहे. तिन्हींपैकी काय ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. साध्या समानार्थी सूत्राची नोंद एका ओळीची असली तरी ती करावी आणि उत्तर छेदांवरून आले, आठवणीतून आले की कोशातून, हेही लिहावे. महिनाभराने वही चाळली की आपले ज्ञान कुठे उणे आहे ते स्वच्छ दिसते; मला माझ्या वहीने वृक्षांची नावे शिकायला लावली.

कोश उघडण्यात कमीपणा मानू नये, पण तो दुसऱ्या फेरीनंतर उघडावा. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड हे दोन्ही आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. बोलीतला किंवा जुन्या व्यवहारातला शब्द अडला तर तिथे जावे.

शेरा लिहिताना न्याय्य असावे. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये झिमेनीझ या नावाने कोडी रचणारे डेरिक मॅकनट यांनी १९६६ साली गूढ सूत्रांच्या प्रामाणिकपणाचे निकष तपशिलाने मांडले. व्याख्या नेमकी असावी, कृती शब्दशः खरी असावी आणि त्यापलीकडे सूत्रात काही नसावे, हा त्यांचा गाभा मराठीलाही लागू पडतो. उदाहरणार्थ ‘सप्तकातले शेवटचे दोन स्वर लागले की मालक (२)’ हे सूत्र घ्या. उत्तर धनी, कल्पना आनंद देणारी आहे. पण स्वरलिपीत निषाद ‘नि’ असा ऱ्हस्व लिहितात आणि धनी या शब्दाला दीर्घ ‘नी’ लागतो. माझ्या वहीत याचा शेरा असा असेल : ‘बोलताना सा-रे-ग-म-प-ध-नी असे दीर्घ म्हटले जाते, म्हणून मान्य, लेखनाच्या दृष्टीने सूट घेतली आहे.’ आवडले किंवा आवडले नाही एवढेच लिहिण्यापेक्षा, सूत्राचे कोणते अंग भक्कम आणि कोणते सैल ते सांगणारा असा शेरा रचणाऱ्याच्याही उपयोगी पडतो.

दुसऱ्या दिवशी छापून आलेले उत्तर आपल्या उत्तराशी जुळले नाही, तर ताबडतोब चूक कोणाची हे ठरवू नये. आधी क्रमांक आणि घरांची संख्या तपासावी, मग शब्दाचे दोन लेखनभेद आहेत का ते पाहावे, मग कोश. एवढे करूनही सूत्रच चुकले आहे असे दिसले, तर संपादकांना दोन-तीन ओळींत कळवावे : कोणत्या तारखेचे कोडे, कोणता क्रमांक, काय छापले, काय हवे होते आणि कोणत्या कोशाच्या आधाराने. रोज कोडे रचणारा माणूस बारीक विणकाम करत असतो आणि त्याला आधारासह दाखवलेली चूक हवी असते.

घरात किंवा कचेरीत तेच कोडे आणखी कोणी सोडवत असेल, तर त्याच्यासमोर उत्तर उच्चारू नये. मदत मागितली तर ती टप्प्याटप्प्याने द्यावी. कमळाच्या सूत्रावर अडलेल्याला आधी एवढेच सांगावे की व्याख्या शेवटी आहे. तरीही अडले तर ‘पोटात’ या शब्दाकडे बोट दाखवावे. मग मध्यम हा आकाराचा नाही, गाण्यातला आहे असे सुचवावे. बहुतेक जण इथवर येताच स्वतः उत्तर सांगतात. ‘कळ’ हा शब्द मात्र त्यांचा त्यांना सापडू द्यावा.